पायांची रात्रपाळी

दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, दुखण्याची गाऱ्हाणी मांडू नयेत हे मला कळते. पण आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे चारला बंब पेटतो आणि मी मात्र रात्री दोनपासूनच उभी असते. घरातल्यांना वाटते, या वयात काय हा उत्साह! वाचकहो, उत्साह माझा नव्हे, माझ्या पायांचा.

दिवसभर हे पाय गरीब गाईसारखे वागतात. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत, अगदी हाडाशी, काहीतरी वळवळू लागते. पायात गोळा आला तर पोटरी दगडासारखी होते आणि माणूस कळवळतो. इथे तसे नाही. वरून काही दिसत नाही. पाय हलवावेत, उठून चालावे अशी अनावर ओढ मात्र लागते. चालले की बरे वाटते, निजले की पुन्हा तेच. त्यातून माझी कंबर! गेली अकरा वर्षे मणक्याचे दुखणे आहे. डाव्या पायात खालपर्यंत कळ उतरते. कंबर म्हणते, "बाई, जरा पड." पाय म्हणतात, "ऊठ, चल." ऐकायचे कुणाचे?

साताऱ्यातले आमचे घर जुने. मधल्या सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत बावीस पावले. ह्यांची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता त्या बावीस पावलांवर मी कितीतरी रात्री काढल्या. खिडकीतून अजिंक्यताऱ्याची काळी आकृती दिसते. जागरणाला सोबत तेवढीच. एका डॉक्टरांना सांगितले, तर ते म्हणाले, "वयोमानाप्रमाणे चालायचेच." चालतच तर होते मी, रात्रभर! एकदा सर्दी झाली म्हणून झोप आणणारी गोळी घेतली, तर त्या रात्री पायांनी अक्षरशः तांडव केले.

दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला एस.टी.ने सांगलीला निघाले. कराड सोडले आणि पाय सुरू झाले. नाइलाजाने दांडी धरून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "आजी, सांगली लांब आहे अजून, बसा की." काय सांगणार त्याला?

माझी दशा पाहून वहिनीने दुसऱ्याच दिवशी मिरजेला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी चारच प्रश्न विचारले. पाय हलवावेसे वाटतात का? स्वस्थ बसल्या-निजल्यावर वाढते का? हलवल्याने कमी होते का? संध्याकाळनंतर जास्त होते का? चारींना मी हो म्हटले. मग पाचवा प्रश्न आला, "घरात आणखी कुणाला होते का?"

मी गप्प झाले. डोळ्यांपुढे आई उभी राहिली.

गावभागातल्या आमच्या घराच्या चौकात आई रात्री फेऱ्या घालायची. आम्ही भावंडे पांघरुणात तोंड खुपसून म्हणायचो, "आला वेताळ!" दुपारी ती म्हणे, "पाय तुडव गं जरा." मी दहा आकडे मोजून पळ काढी. भावे नाट्यमंदिरात नाटकाला गेलो की ती कडेची खुर्ची धरी आणि पहिला अंक संपण्याआधीच मागे जाऊन उभी राही. आम्हाला लाज वाटे. आणि हीच आई आम्हाला दटावी, "बसल्या जागी पाय हलवू नयेत, लक्ष्मी जाते." स्वतःचे पाय मात्र लक्ष्मीपूजनाच्या पाटावर तिला आवरत नसत. मग वडिलांचा एक कटाक्ष, आणि तिची खाली गेलेली मान.

थॉमस विलिस नावाच्या इंग्रज वैद्याने हे दुखणे १६७२ साली लिहून ठेवले आहे. १९४५ साली स्वीडनच्या एकबोम यांनी त्याला 'अस्वस्थ पाय' अशा अर्थाचे नाव दिले. आई चौकात फिरत होती तेव्हा नाव होते. आमच्या चौकापर्यंत पोचले नव्हते, इतकेच. हे पुष्कळदा आईबापांकडून येते, गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या विकारात उद्भवते, आणि मेंदूला लोह कमी पडण्याशी त्याचा जवळचा संबंध आहे.

माझे हिमोग्लोबिन चांगले बारा होते. पण डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला लावला. तो निघाला अठरा! या दुखण्यात तो पंचाहत्तरच्या वर असलेला बरा, असे ते म्हणाले. वाण्याच्या दुकानात काउंटरवर माल दिसावा आणि कोठार रिकामे असावे, तसे झाले होते. लोहाची गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर सुरू झाली. चहा तिच्यापासून दोन तास लांब गेला, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. संध्याकाळी एक दुसरी गोळी असते, नसांची कळ आणि पायांची वळवळ दोन्ही शमवणारी. तिने कधी गरगरते, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. पूर्वी देत त्या काही गोळ्या आधी जादूसारख्या लागू पडत. पण वर्षा-दोन वर्षांनी वळवळ दुपारपासूनच सुरू होई, म्हणून हल्ली त्या आधी देत नाहीत.

बरी झाले का? नाही. कंबर आहे तिथेच आहे. पण आठवड्यातून चार रात्री सलग झोप लागते, आणि उरलेल्या तीन रात्री मी वेडी नाही हे मला ठाऊक असते. त्याचेही मोल थोडे नाही.

गेल्या दिवाळीत लेक माहेरी आली होती. चकल्या पाडता पाडता ती सारखी मांडी बदलत होती. मी तिला तेच चार प्रश्न विचारले. चौथ्याला ती सोऱ्या खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तुला कसं कळलं?"

पाडवा होताच तिला रक्त तपासायला पाठवले. आणि त्या रात्री, कंबर कुरकुरत असतानाही, तिचे पाय मांडीवर घेऊन बसले. दहा आकडे मोजून उठले नाही.