गाठीचे पूर्ण नाव रुग्णाला मिळायला हवे

पन्नाशीच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली, तर आजही आपल्याकडे आधी नाकाला कांदा किंवा चप्पल लावली जाते. मग कुणी बाहेरची बाधा सुचवते, कुणी अशक्तपणा म्हणते आणि मेंदूचे स्कॅन करण्याचा विषय बऱ्याच दिवसांनी निघतो. फिट येण्याची कारणे अनेक असतात आणि त्यातली बहुतेक कर्करोगाची नसतात, हे खरे. मात्र प्रौढ वयात पहिल्यांदा आलेली फिट तपासणीशिवाय सोडून देण्याची गोष्ट नव्हे. मेंदूतील सर्वांत आक्रमक गाठ, म्हणजे ग्लायोब्लास्टोमा, अनेकदा अशाच रीतीने पहिली खूण दाखवते.

हा आजार विरळ आहे. अमेरिकेत वर्षाला एक लाख लोकसंख्येमागे साधारण तिघांना तो होतो. डोके दुखणाऱ्या प्रत्येकाने त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. परंतु काही आठवड्यांत वाढत जाणारी, पहाटे किंवा सकाळी जास्त जाणवणारी आणि उलटीसह येणारी डोकेदुखी, एका हातापायातली ताकद कमी होत जाणे, बोलताना नेमका शब्द न सापडणे, एका बाजूचे दिसेनासे होणे किंवा शांत माणसाचा स्वभाव अचानक बदलणे या खुणा दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत. गाठ मेंदूच्या कोणत्या भागात आहे, त्यावर लक्षण ठरते. त्यामुळेच कुणी आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो, कुणी मानसोपचारतज्ज्ञाकडे, तर कुणी लकव्याच्या औषधासाठी दूरच्या गावी.

स्कॅनमध्ये काही दिसले, तरी लगेच उत्तर मिळतेच असे नाही. ग्लायोब्लास्टोमा अनेकदा अंगठीसारख्या कड्याच्या रूपात दिसतो. पण क्षयाची गाठ, मेंदूतला पू आणि पट्टकृमीच्या अळीमुळे होणारी गाठ यांचेही असेच कडे दिसू शकते आणि आपल्या देशात हे आजार चांगलेच आढळतात. निव्वळ अंदाजाने सुरू केलेली क्षयाची औषधे कधी बरोबर ठरतात, तर कधी मौल्यवान आठवडे खातात. त्यात डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड दिले की गाठीभोवतीची सूज उतरते, डोकेदुखी थांबते आणि घरच्यांना वाटते की दुखणे बरे झाले. प्रत्यक्षात गाठ वाढतच असते. गाठ लिम्फोमाची असेल, तर स्टेरॉइडने ती तात्पुरती विरघळते आणि तुकडा तपासूनही निदान हुकते. सूज जिवावर बेतली असेल तर हे औषध द्यावेच लागते. मात्र ते आजारावरचे उत्तर नाही, एवढे रुग्णाला सांगायला हवे.

खरे उत्तर मिळते ते गाठीच्या तुकड्यातून. मेंदूत चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लायल पेशी असतात. ग्लायोब्लास्टोमाची गाठ याच कुळातील पेशींची असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात वेड्यावाकड्या आकाराच्या, झपाट्याने विभागणाऱ्या पेशी दिसतात. वाढीचा वेग रक्तपुरवठ्याच्या पुढे जातो, त्यामुळे मध्येमध्ये पेशी मरून पडलेल्या असतात आणि त्या मृत भागाभोवती जिवंत पेशी कुंपणासारख्या दाटीने उभ्या असतात. सोबत नव्या रक्तवाहिन्यांचे गुंतागुंतीचे जाळेही असते. ही गाठ सर्वांत वरच्या, म्हणजे चौथ्या ग्रेडची मानली जाते. येथे ‘ग्रेड’ आणि ‘स्टेज’ यांत गल्लत होते. चौथी ग्रेड म्हणजे आजार अंगभर पसरला असा अर्थ नाही. ही गाठ कवटीबाहेर क्वचितच जाते. तिची आडमुठी बाजू वेगळी आहे. तिच्या पेशी निरोगी मेंदूत मुळांसारख्या दूरवर शिरलेल्या असतात. १९२८ मध्ये अमेरिकी शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी अशा काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धगोल पूर्ण काढल्याचे प्रसिद्ध केले. तरीही आजार परतलाच. ‘ऑपरेशन नीट झाले असते तर गाठ पुन्हा आली नसती’ हा नातेवाइकांचा सल म्हणूनच बहुधा अनाठायी असतो.

गेल्या काही वर्षांत या निदानाची व्याख्याच बदलली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार केवळ सूक्ष्मदर्शकातील चित्र पुरेसे नाही. आयडीएच नावाच्या जनुकात बदल आहे की नाही, हे पाहावे लागते. बदल नसेल तरच प्रौढांतील अशा गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणतात. बदल असेल, तर दिसायला तितकीच उग्र गाठसुद्धा वेगळ्या नावाची ठरते आणि तिचे रुग्ण तुलनेने बरेच जास्त जगतात. उलटही घडते. सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य वाटणारी गाठ जनुकीय तपासणीत ग्लायोब्लास्टोमा निघू शकते. एमजीएमटी ही तपासणी गोळ्यांचा उपयोग कितपत होईल याचा अंदाज देते. वयस्कर, थकलेल्या रुग्णाला कोणता उपचार द्यावा, हे ठरवताना ती विशेष कामी येते.

उपचाराबद्दल खोटी आशा नको आणि खोटी निराशाही नको. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या दिल्यास काय होते, याचा मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त किरणोपचार घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान १२.१ महिने होते, दोन्ही घेतलेल्यांचे १४.६ महिने. फरक अडीच महिन्यांचा दिसतो. पण दोन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेले होते. पाच वर्षांनी ते जवळपास २ टक्क्यांऐवजी १० टक्के होते. ही औषधी आता देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

आता प्रश्न आपल्या भागाचा. मराठवाड्यासाठी घाटी रुग्णालय आहे आणि २०१२ मध्ये आमखास मैदानाजवळ सुरू झालेले शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. टाटा मेमोरियलच्या मार्गदर्शनाचा आधार लाभलेल्या या संस्थेला पुढे राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. तिचे मोल या आजारात नेमके कळते. नेहमीचा किरणोपचार आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे चालतो. बीड, जालना किंवा हिंगोलीच्या शेतकरी कुटुंबाने हे सहा आठवडे मुंबईच्या पदपथावर किंवा धर्मशाळेत काढायचे, की घराजवळ? ज्या रुग्णाकडे मोजके महिने आहेत, त्याच्यासाठी हा हिशेब केवळ पैशांचा राहत नाही.

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरायला हवा. पहिली म्हणजे, मेंदूतून काढलेला प्रत्येक तुकडा, मग तो सरकारी रुग्णालयातला असो वा खासगी, किमान आयडीएचच्या तपासणीपर्यंत पोहोचला पाहिजे. ‘हाय ग्रेड ग्लायोमा’ एवढ्यावर थांबलेला अहवाल अर्धवट आहे. आयडीएचची प्राथमिक तपासणी काचपट्टीवर रंग देऊन होते, तिला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. ती नकारात्मक आली आणि रुग्ण पंचावन्नच्या आतला असेल, तर पुढची जनुकीय तपासणीही करावी लागते. जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये शस्त्रक्रियेइतकेच स्पष्ट स्थान या तपासण्यांना हवे. दुसरी गोष्ट, गाठीचा ब्लॉक आणि स्लाइड रुग्णाला मागताक्षणी मिळाव्यात. दुसरे मत घ्यायचे तर फाइलपेक्षा त्यांचीच गरज असते आणि नातेवाइकांनी त्या निर्धास्तपणे मागाव्यात.

तिसरी गोष्ट यंत्राने होणारी नाही. हा आजार माणसाची वाचा, स्मरण आणि निर्णयशक्ती हळूहळू हिरावतो. जमिनीचे कागद, मुलांचे शिक्षण, पुढे किती उपचार घ्यायचे हे सारे त्याने स्वतः ठरवायचे असेल, तर त्याला वेळेत खरे सांगावे लागते. आपल्याकडे ते घरच्यांच्या कानात सांगितले जाते आणि रुग्ण अंधारात राहतो. वेदनाशमन, फिट आवरणे, घरी काळजी कशी घ्यायची याचे शिक्षण यांना शेवटच्या दिवसांवर ढकलू नये. निदानाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांची सुरुवात व्हावी. गाठ बरी करण्याचे औषध विज्ञानाच्या हाती अजून आलेले नाही. पण गाठीचे पूर्ण नाव, घराजवळचा उपचार आणि खरे बोलणे एवढे तरी देणे आपल्या रुग्णालयांच्या आणि सरकारच्या हाती आजही आहे.