मीटर १०० दाखवतो, पण गाडी खरंच १०० ने धावते का? स्पीडोमीटर 'सेट' करण्यामागचं गणित

गाडीचा मीटर ताशी १०० किलोमीटर दाखवतो आणि त्याच वेळी मोबाइलवरचा नकाशा ९५ सांगतो. हा अनुभव अनेक चालकांना येतो. मग बिघडलंय काय, मोबाइल की मीटर?

बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. मीटर थोडा जास्त वेग दाखवेल, असाच बनवलेला असतो. अडचण सुरू होते ती हे गणित उलटं झाल्यावर. म्हणजे मीटर १०० वर आणि गाडी त्याहून वेगात. हलक्या स्पोर्ट्स कारच्या हौशी मालकांना हा प्रश्न नेहमी पडतो, कारण या गाड्यांची चाकं आणि टायर बदलणं हा त्या हौसेचाच भाग असतो. रस्तोरस्ती स्पीड कॅमेरे आल्यापासून हा फरक थेट दंडापर्यंत जातो.

नियम काय सांगतो?

ब्रिटन आणि युरोपसह अनेक देश संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ मानतात. त्याचे दोन मुद्दे आहेत.

पहिला, मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही.

दुसरा, जास्त दाखवला तरी फरक खऱ्या वेगाचे १० टक्के अधिक ४ किलोमीटर, याच्या पुढे जाता कामा नये.

म्हणजे गाडी खरोखर १०० ने धावत असेल, तर मीटर १०० ते ११४ यांपैकी काहीही दाखवू शकतो. ९९ मात्र चालत नाही.

मीटरला वेग कळतो कसा?

जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधून आलेली केबल काटा फिरवायची. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये हे काम सेन्सर करतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या भागावरचा दाता किंवा बोल्ट समोरून गेला की सेन्सर एक पल्स पाठवतो. एका किलोमीटरला किती पल्स, हा आकडा मीटरमध्ये साठवलेला असतो. मीटर फक्त पल्स मोजतो, बाकी सगळा भागाकार.

चाकाचा घेर बदलला आणि हा आकडा जुनाच राहिला, तर उत्तर चुकणारच.

वजनाला जेमतेम टनभर असलेली माझदा एमएक्स-५ पाहा. या गाडीला १९५/५० आर१६ आणि २०५/४५ आर१७ अशी दोन्ही मापं मिळतात. पहिल्याचा व्यास साधारण ६०१ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६१६. फरक अडीच टक्क्यांचा. १६ इंची टायरवर अगदी अचूक असलेला मीटर तसाच ठेवून १७ इंची चाकं लावली, तर काटा १०० वर असताना गाडी १०२.५ ने धावेल.

ब्रिटनच्या केटरहॅम सेव्हनसारख्या गाडीत तर मालक सुटे भाग आणून घरीच गाडी जोडू शकतो. तिथे मीटर जुळवणं हे गाडी जोडण्याच्या कामातलंच एक काम.

कॅलिब्रेशन कसं करतात?

साधारण तीन पद्धती आहेत.

१. मोजलेल्या अंतरावर गाडी चालवायची. सुरुवातीला आणि शेवटी बटण दाबलं की मीटर मधल्या पल्स मोजतो आणि नवा आकडा साठवतो.

२. सरळ सपाट रस्त्यावर एकसारखा वेग ठेवून जीपीएसशी तुलना करायची आणि त्या प्रमाणात आकडा बदलायचा. आकडे वाचायला सोबत दुसरं कुणी हवं.

३. मीटरमध्ये अशी सोय नसेल, तर सेन्सर आणि मीटरच्या मध्ये पल्सची संख्या कमी-जास्त करणारं छोटं यंत्र बसवायचं.

खरी मेख कुठे आहे?

मीटर जीपीएसशी तंतोतंत जुळवला की काम फत्ते, असं वाटतं. चूक होते ती इथेच.

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. अनेक देशांत कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते. तिथपर्यंत टायर झिजला की व्यास जवळपास १३ मिलिमीटरने घटतो, म्हणजे सुमारे दोन टक्के. झिजलेलं चाक त्याच अंतरात जास्त फेरे घेतं, म्हणून मीटर जास्त वेग दाखवतो. ही चूक सुरक्षित बाजूची.

पण झिजलेल्या टायरवर मीटर तंतोतंत जुळवला आणि नंतर नवे टायर घातले, तर तोच मीटर दोन टक्के कमी दाखवू लागतो. गाडी नियमाबाहेर जाते आणि चालकाला पत्ताही लागत नाही. म्हणून मीटर नव्या टायरवर, हवेचा दाब योग्य ठेवून जुळवणं आणि दोन-तीन टक्के जास्तच दाखवू देणं शहाणपणाचं.

आणखी एक गोष्ट. गाडी किती किलोमीटर चालली हेही बहुतेकदा याच पल्सवरून मोजलं जातं. आकडा चुकला तर सर्व्हिसिंगचं वेळापत्रक आणि गाडी विकतानाचं रीडिंग, दोन्ही चुकतात. त्यामुळे आकडा कधी बदलला, त्या वेळी रीडिंग किती होतं, याची नोंद गाडीच्या कागदपत्रांसोबत हवी.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

केटरहॅम इथे दिसणार नाही, पण एक माप मोठे अलॉय व्हील लावलेल्या गाड्या गल्लोगल्ली दिसतात. गणित तेच. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर घाटाबाहेर कारसाठी ताशी १०० ची मर्यादा आहे आणि वर कॅमेरे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार हलक्या वाहनाला वेगमर्यादा मोडल्यास १,००० ते २,००० रुपये दंड होऊ शकतो.

कॅमेरा डॅशबोर्डवरचा काटा वाचत नाही, तो गाडीचा खरा वेग मोजतो. त्यामुळे चाकाचं माप बदललं असेल, तर चलान येण्याआधी एकदा जीपीएसशी पडताळून पाहिलेलं बरं. मीटर थोडा जास्त दाखवत असेल, तर त्याला हात न लावणंच उत्तम.