जात समुद्र ओलांडते तेव्हा

मी पेण तालुक्यातील जिते गावचा. वकिलीच्या निमित्ताने लंडनला येऊन मला सात वर्षे झाली. येथील दुकानदाराने, घरमालकाने वा न्यायालयातील शिपायाने मला कधी जात विचारली नाही. विचारली ती आपल्याच मराठी माणसाने. एका घरगुती समारंभात यजमानांनी प्रथम आडनाव विचारले. त्यावरून उलगडा होईना, तेव्हा गाव विचारले. आणि अखेर गावात घर कोणत्या आळीला, हा प्रश्न आला. मी सांगितले, "बौद्धवाड्यात." बोलणे हवापाण्यावर वळले. पुढील वर्षी निमंत्रण आले नाही.

युरोप-अमेरिकेतील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. 1917 साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा जातीने त्यांना पुन्हा गाठले. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले. तेथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्या वेळी जात मायदेशी वाट पाहत होती. आज ती आपल्याबरोबर प्रवास करते. हा धोका त्यांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, श्रीधर व्यंकटेश केतकरांचा हवाला देऊन, सांगितला होता.

मग कायदा काय करतो? ब्रिटिश पार्लमेंटने 2013 साली समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन सरकारवर घातले. 2018 साली सरकारने ते बंधनच रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला. टिर्की खटल्यात 2014 साली अपील न्यायाधिकरणाने, वांशिक उगमाच्या व्याख्येत जात काही प्रसंगी येऊ शकते, असे म्हटले. तेवढे पुरे, असा सरकारचा युक्तिवाद. परंतु "येऊ शकते" या शब्दांवर पीडित मनुष्याने किती काळ विसंबावे?

आमच्याच जिल्ह्यातील महाडचे उदाहरण पाहा. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले यांचा ठराव 1923 चा. चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्ष ओंजळीत घेतले गेले 20 मार्च 1927 रोजी. आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला 1937 साली. ठराव, सत्याग्रह व न्यायालय ही तिन्ही लागली.

म्हणून परदेशस्थ बांधवांना माझी विनंती आहे. आडनाव बदलून लपू नका. अन्याय झाल्यास तारीख, स्थळ व साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवा. आणि कोणी आळी विचारली, तर मान वर करून सांगा. लाज वाटावयाची असेल तर ती विचारणाऱ्यास वाटावी.