जळता जळता उरलेलं पुस्तक

बालमित्रांनो,

मागच्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची चिठ्ठी आली. ती आता नववीत आहे. पऱ्यांच्या राज्यातला राजपुत्र आणि आपल्यासारखी साधी मुलगी, अशी एक लांबलचक प्रेमकथा ती दोन वर्षं एकेक भाग मिळवून वाचत होती. चिठ्ठीत दोनच ओळी. "बाई, शेवटचा भाग मिळाला, पण उघडवत नाही. वाचला की संपेल ना!"

हसू नका हं, असं होतं. हॅरी पॉटरचा सातवा, शेवटचा भाग २००७ साली आला, तेव्हा आमच्या वसतिगृहातल्या एका मैत्रिणीनं तो चार दिवस नुसता उशीखाली ठेवला होता.

मी तिला उत्तरात एक गोष्ट लिहून पाठवली. ती तुम्हालाही सांगते, कारण ती आपल्या शेजारची आहे. मी शिकवते शेवगाव तालुक्यात. अहिल्यानगर जिल्ह्याचं हे टोक (आमच्या गावातली म्हातारी माणसं अजून नगरच म्हणतात). इथं नाथसागराच्या काठावर उभं राहिलं की पलीकडे पैठण. पैठणचं जुनं नाव प्रतिष्ठान, सातवाहन राजांची राजधानी.

तर या सातवाहन राजाला संस्कृत येत नव्हतं. एकदा राण्यांबरोबर तो पाण्यात खेळत होता, एकमेकांवर पाणी उडवणं चाललं होतं. दमलेली एक राणी म्हणाली, "मोदकैः!" म्हणजे मा उदकैः, पाणी उडवू नका. राजानं काय केलं असेल? ताबडतोब ताटभर मोदक मागवले! राणी हसली, दासी हसल्या. राजा इतका शरमला की जेवेना, बोलेना, अंथरूण धरून बसला.

दरबारात गुणाढ्य नावाचा विद्वान मंत्री होता. तो म्हणाला, "व्याकरणाला बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन." दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, "मी सहा महिन्यांत." गुणाढ्य चिडला. "तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा मी सोडीन," असं बोलून बसला. आणि शर्ववर्म्यानं खरंच सहा महिन्यांत शिकवलं की! (शिक्षक म्हणून मला हे अजून पटलेलं नाही. पण ते असो.)

तिन्ही भाषा सोडल्या, मग बोलणार कसं? गुणाढ्य मुका झाला. दोन शिष्यांना घेऊन विंध्याच्या रानात गेला. तिथं त्याला काणभूती नावाचा पिशाच भेटला. त्याच्याकडून तो पैशाची शिकला, म्हणजे पिशाचांची, रानातली बोली. दरबारात जिला कुणी पाटावर बसवलं नसतं अशी. काणभूतीनं त्याला एक अफाट मोठी गोष्ट सांगितली आणि गुणाढ्यानं ती सात वर्षं बसून लिहून काढली. सात लाख श्लोक! रानात शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्तानं लिहिली. या ग्रंथाचं नाव बृहत्कथा.

शिष्यांनी ग्रंथ राजाकडे नेला. राजानं पाहिलं, भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची. नाक मुरडून त्यानं तो परत पाठवला. काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही.

मग गुणाढ्यानं टेकडीवर आगटी पेटवली. एकेक पान मोठ्यानं वाचायचा आणि आगीत टाकायचा. ऐकायला कोण? हरणं, डुकरं, रेडे, पाखरं. चरायचं विसरून ती गोल करून बसली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस सुकं येतंय. आचारी म्हणाले, शिकारी तसलंच आणतात. शिकारी म्हणाले, महाराज, जनावरं खातच नाहीत, टेकडीवर कुणीतरी पोथी वाचतोय तिकडं बसतात.

राजा धावत गेला. तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. एक लाख उरले होते. कुठले? तर शिष्यांना जो भाग फार फार आवडायचा, तेवढा गुणाढ्यानं त्यांच्यासाठी बाजूला ठेवला होता.

तो भाग होता नरवाहनदत्ताचा. वत्स देशाच्या उदयन राजाचा हा मुलगा. त्याची लाडकी मदनमंचुका हिला मानसवेग नावाचा विद्याधर पळवून नेतो. विद्याधर म्हणजे आकाशातून उडणारी, जादूच्या विद्या येणारी माणसं, आपल्या पऱ्यांची भावकीच म्हणा. गंमत म्हणजे त्या चोराचीच बहीण वेगवती नरवाहनदत्ताच्या प्रेमात पडते आणि त्याला मदत करते. अखेर आपला हा भूमीवरचा राजपुत्र विद्याधरांचा चक्रवर्ती होतो. मधे त्याची लग्नं किती होतात ते मोजू नका. पालकांनो, लहानांना सांगताना तुम्हीही मोजू नका.

ही गोष्ट इतिहास म्हणून घ्यायची नाही, बरं का. बृहत्कथेची मूळ पोथी आज जगात कुठंच नाही. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं सूर्यवती राणीसाठी ती कथा संस्कृतात सांगितली, तिचं नाव कथासरित्सागर. त्याचे १२४ तरंग आहेत आणि गुणाढ्याची ही हकिकत अगदी सुरुवातीला आहे. तुमचा विक्रम आणि त्याच्या पाठीवरचा वेताळ, ते पण त्यातच! ह. अ. भावे यांनी त्याचा मराठी अनुवाद केला आहे. ग्रंथालयात मागून पाहा.

आता उत्तर लिहिताना माझं काय झालं ते सांगते. "वाचलंसुद्धा नाही" इथं माझं पेन थांबलं.

दिवाळीनंतर चौथीला मी मनानं गोष्ट लिहायला सांगितली होती. एका मुलानं चार पानं भरून आणली. साती आसरांची गोष्ट. पाण्यातल्या सात बहिणी, नदीकाठी शेंदूर लावलेले त्यांचे सात दगड तुम्ही पाहिले असतील. सुरुवात होती, "येक व्हता धनगर." मी लाल पेन घेतलं. व्हता, लई, कव्हा, तव्हा. पहिल्या पानावर एकवीस गोल झाले. पुढची तीन पानं तशीच उलटली, खाली सही केली. दुसऱ्या दिवशी वहीत ती पानं नव्हती. विचारलं तर म्हणाला, "चुलीत घातली, बाई." मी बरं म्हणाले आणि गणिताला लागले!

परवा त्याला जवळ बोलावलं. "ती गोष्ट परत लिहितोस?"

"न्हाई."

"मग सांगतोस?"

बराच वेळ फरशीकडे बघत होता. मग विचारलं, "आज्जीवानी सांगू का शाळंवानी?"

"आज्जीवानी."

मधल्या सुट्टीला पंधरा मिनिटं होती. आज्जीच्या गोष्टीत धरणाचं पाणी चढतं, सहा आसरा नदीनं वर निघून जातात आणि सातवी मागं राहते. का, तर काठावरचा धनगर रोज पावा वाजवतो. खिचडीच्या मावशी हाक मारायला आल्या, परत गेल्या, पुन्हा आल्या आणि डाव हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. एरवी घंटेआधीच ताटल्या वाजवणारी पोरं गप्प. सातवी आसरा पाण्यातून एक पाय काठावर ठेवते, तिथं तो थांबला.

"पुढं?" सगळे ओरडले. मी पण ओरडले.

"आज्जी हितंच थांबती. पुढलं उद्याच्याला."

नववीतल्या मुलीचं उत्तर अजून आलेलं नाही. बहुतेक तिनं शेवटचा भाग उघडला असावा.

तुमच्या,
बाई