मोकाट जनावर आणि धन्याची जबाबदारी

महामार्गांवरील मोकाट गुरें हटवावीं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२५ मध्यें दिला. आदेश योग्यच आहे. पण गुरूं हटविल्यानें जबाबदारी ठरत नाहीं. अंधारांत रस्त्यावर बसलेल्या म्हशीवर आदळून दुचाकीस्वार मेला, तर त्याच्या बायकामुलांनीं दाद कोणाकडे मागावी?

म्हशीच्या धन्याला वाट मोकळी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १६५ व्या कलमान्वयें तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीचा दावा न्यायाधिकरणापुढें चालतो, आणि गुरें ही मालमत्ताच होय. चालकानें हयगय केली असेल तर ही भरपाई रास्तच. गरीब गवळ्याचें सारें भांडवल त्या एका जनावरांत असतें. पण हयगय धन्याची असेल तर?

इंग्लंडांत न्याय दीर्घकाळ धन्याच्याच बाजूस झुकलेला होता. १९४७ च्या ‘सर्ल विरुद्ध वॉलबँक’ खटल्यांत, शेतांतून सुटून रात्रीं रस्त्यावर आलेल्या घोड्याशीं टक्कर झालेल्या सायकलस्वारास हाउस ऑफ लॉर्ड्सनें भरपाई नाकारली. जनावर रस्त्यावर जाऊं नये म्हणून कुंपण राखण्यास मालक बांधलेला नाहीं, असें ठरलें. मोटारी नव्हत्या त्या काळचा हा नियम खुद्द इंग्लंडनें १९७१ च्या प्राणिविषयक कायद्यानें मोडीत काढला. आज तेथें धन्यासही वाजवी काळजी घ्यावी लागते. जेथें कुंपणाची वहिवाट नाहीं अशा माळरानापुरती मात्र सवलत आहे. परक्यांनींच टाकून दिलेली समजूत आपण कां उराशीं बाळगावी?

आमचा १८७१ चा कोंडवाड्याचा कायदा मुख्यतः पिकांच्या नासाडीची चिंता वाहतो. भारतीय न्याय संहितेचें २९१ वें कलम जनावराबाबत हयगय करून माणसाचा जीव धोक्यांत घालणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, सांगतें. पण धन्याच्या शिक्षेनें विधवेचा संसार चालत नाहीं. दिवाणी दावा लावावा, तर जनावर कोणाचें हेंच सिद्ध करतां करतां पक्षकार थकतो.

ही अडचण आतां दुस्तर नाहीं. गुरांच्या कानांत १२ आंकडी क्रमांकाचा बिल्ला मारण्याची सरकारी व्यवस्था आहे. त्या क्रमांकावरून धनी ठरवावा, आणि रात्रीं जनावर हमरस्त्यावर सांपडल्यास आपण वाजवी काळजी घेतली होती हें दाखविण्याचा भार कायद्यानें त्याच्यावर टाकावा. बेवारशी गुरांबद्दल नगरपालिकेस अथवा रस्त्याच्या व्यवस्थापकांस जबाबदार धरावें. चराऊ रानें शहरांनीं गिळलीं, ही पशुपालकांची तक्रार खरी आहे व तिचें निवारण झालेंच पाहिजे. परंतु त्या तक्रारीची किंमत रस्त्यानें जाणाऱ्यानें प्राण देऊन भरावी, हा न्याय नव्हे.