काउंटी ही काउंटची जहागीर नव्हे



काउंटी म्हणजे सरदाराच्या जहागिरीचा अवशेष, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे घटनाक्रमाशी जुळत नाही. फ्रँक राजा शार्लमेनच्या राज्यात काउंट हा राजाने नेमलेला अधिकारी होता. न्यायदान, महसूल आणि सैन्यभरती ही त्याची कामे. त्याच्यावर नजर ठेवायला राजाचे निरीक्षकही फिरत. राजसत्ता दुबळी झाली, तेव्हा पद वंशपरंपरागत झाले. म्हणजे आधी कारभार, मग सरंजाम. इंग्लंडमध्ये तर शायर हे विभाग, ज्यांना पुढे काउंटी म्हटले गेले, 1066 च्या नॉर्मन विजयापूर्वीच होते. नॉर्मन विजेत्या विल्यमने ते मोडले नाहीत. महसूल गोळा करून राजाच्या खजिन्याला हिशेब द्यायचा तो शेरीफ, आणि तो राजाचा नोकर. अर्लचे, म्हणजे काउंटच्या दर्जाच्या इंग्रज सरदाराचे, पद मोठे, पण बहुतेक ठिकाणी कारभार त्याच्या हाती नव्हता.

चेस्टरच्या अर्लकडे जवळजवळ राजाइतके अधिकार होते, असा आक्षेप निघेल. तो खरा आहे. पण चेस्टर हा सीमेवरचा अपवाद होता, आणि 1237 मध्ये अर्ल निपुत्रिक वारल्यावर ते अधिकारही राजाकडे आले. अमेरिकेचे उदाहरण मला अधिक निर्णायक वाटते. व्हर्जिनियात 1634 मध्ये असेच आठ शायर पाडले गेले, तिथे काउंट कधी नव्हताच. पुढे राज्यघटनेने सरदारकीच्या पदव्या देण्यास मनाई केली, तरी काउंट्या वाढतच गेल्या. इंग्लंडमध्येही 1888 च्या कायद्याने निवडून आलेल्या काउंटी कौन्सिलांकडे जो कारभार गेला, तो कोणा सरदाराकडून नव्हे, तर मुख्यतः राजनियुक्त न्यायाधिकाऱ्यांकडून काढून घेतलेला होता.