मालक एआय शिकतील, पण त्या शिकवणीत जात असेल का?

सोलापुरात यंत्रमागावर माणूस लावायचा तर अजूनही बऱ्याचदा ओळखीवर लावतात. कुणीतरी नाव सुचवतो, मालक बघतो आणि काम सुरू होते. आपली शिकलेली मुले आता जिथे अर्ज करतात तिथली रीत वेगळी आहे. फायनान्स कंपनी असो, खासगी रुग्णालय असो की पुण्यातली आयटी कंपनी, अर्ज ऑनलाइन भरायचा. तो आधी माणसाने वाचला की सॉफ्टवेअरने, हे अर्जदाराला कळत नाही. ते सॉफ्टवेअर अर्ज कशावरून चाळते, हे विकत घेणाऱ्या मालकालाही बहुधा माहीत नसते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची, म्हणजे मे 2027 पर्यंतची मुदत ठेवली गेली. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाली तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एवढा आकडा ऐकला की उद्योजक जागे होतात. व्यापारी संघटना, सीए आणि सल्लागार यांची शिबिरे आता वाढतील. ती व्हायलाच हवीत. प्रश्न आहे तो तिथे काय शिकवणार याचा. संमतीची नोटीस कशी लिहायची, माहिती फुटली तर कुणाला कळवायचे, एवढ्यावरच शिबिर संपले तर आपल्या हाती काही लागणार नाही.

कारण या कायद्यात आपल्या दृष्टीने एक मोठी पोकळी आहे. 2019 च्या विधेयकात ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ असा वेगळा वर्ग होता आणि त्यात जात आणि जमात यांचा स्पष्ट उल्लेख होता. 2023 च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. म्हणजे या कायद्यापुढे तुमची जात आणि तुमचा ईमेल पत्ता यांची किंमत सारखीच. त्याशिवाय कलम 7 नुसार नोकरीच्या कामासाठी कामगाराची माहिती त्याच्या संमतीविना वापरता येते. अल्गोरिदममुळे लोकांच्या हक्कांना धोका नाही ना, हे तपासण्याची सक्ती नियमांत आहे, पण ती सरकार ज्यांना ‘महत्त्वाचे’ ठरवेल अशा मोठ्या कंपन्यांवर. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला मध्यम कारखाना त्यात येण्याची शक्यता फार कमी. नोव्हेंबर 2025 मध्येच केंद्राने एआयसाठी सात सूत्रांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. न्याय्यता आणि समता हे त्यातले एक सूत्र आहे. पण तत्त्वे पाळली नाहीत म्हणून कुणाला दंड होत नाही.

“आम्ही अर्जात जात विचारतच नाही,” असे मालक म्हणतील, आणि ते खोटेही नसेल. पण जात विचारावी कशाला लागते? आडनाव आहे. बुधवार पेठ, मिलिंदनगर हा पत्ता आहे. शाळेचे नाव आहे, शिष्यवृत्तीची नोंद आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावांचा ठेवला. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. तेव्हा एआय नव्हते, माणसे निवडत होती. आता त्याच माणसांनी केलेल्या जुन्या निवडी यंत्राला ‘चांगला उमेदवार कसा असतो’ म्हणून शिकवल्या तर यंत्र दुसरे काय शिकेल? अॅमेझॉनचा अनुभव समोर आहे. त्यांच्या भरतीच्या प्रायोगिक यंत्रणेने जुन्या अर्जांवरून शिकून महिलांचे अर्ज खाली ढकलले. 2018 मध्ये ही बातमी बाहेर आली, तोवर कंपनीने तो प्रयोग गुंडाळलेला होता.

आपल्याला हे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. मागाला जात नव्हती, पण खात्याच्या दाराला होती. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांसमोर लावून धरला. संपाच्या मागण्यांत जात आणू नका, असे म्हणणारे तेव्हाही होते.

युरोपीय संघाच्या एआय कायद्याने 2 फेब्रुवारी 2025 पासून एआय वापरणाऱ्या संस्थांवर आपल्या माणसांना त्याचे पुरेसे ज्ञान देण्याची जबाबदारी टाकली. भरतीसाठीचे एआय तिथे ‘उच्च जोखमी’च्या यादीत आहे. टॉवेल निर्यात करतो एवढ्यावरून सोलापूरच्या कारखानदाराला हा कायदा लागू होत नाही. पण परदेशी खरेदीदार बालमजुरीबद्दल विचारतात, तसे उद्या याबद्दलही विचारू शकतात. मालकाशी बोलताना हा मुद्दा वापरायला हरकत नाही. नीतीपेक्षा ऑर्डर लवकर ऐकू येते.

तेव्हा शिबिरे होतील तिथे आपले वकील, सीए, संगणक शिकलेली मुले दिसली पाहिजेत. प्रत्येक मालकाला विचारायला साधे प्रश्न आहेत. भरतीचे सॉफ्टवेअर कुठल्या जुन्या माहितीवर शिकले? आडनाव आणि पत्ता झाकून ते चालवून पाहिले का? नाकारलेले अर्ज पुन्हा कोण बघतो? विकणाऱ्या कंपनीकडून हे लेखी घेतले का? विद्यापीठाच्या व्यवस्थापन आणि संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमातही हे यावे, अशी मागणी विद्यार्थी संघटना आजच करू शकतात.

कायद्यात अर्जदाराच्या हाती थोडे आहे, तेही वापरू. संमतीने दिलेल्या माहितीचे कंपनीने काय केले आणि ती कुणाला दिली, हे मागण्याचा हक्क कलम 11 मध्ये आहे. अर्ज का नाकारला, हे सांगण्याची सक्ती त्यात नाही. हे कलमही मुदत संपल्यावरच लागू होईल. तोवर प्रत्येक ऑनलाइन अर्जाची तारीख, स्क्रीनशॉट आणि आलेले उत्तर जपून ठेवा. एकाच जागेसाठी सारख्या गुणांच्या मित्रमैत्रिणींनी अर्ज केले असतील तर त्यांच्याही नोंदी एकत्र करा. एकट्याच्या अर्जावरून काही सिद्ध होत नाही, पन्नास अर्ज शेजारी ठेवले तर बोलता येते.